तक्रार करायची तर इंग्रजीत!

...आणि वर मलाच विचारते, "आई, आज काही तक्रार?" ऐकलंत? माझ्याच घरात, माझीच सून! थांबा, पहिल्यापासून सांगते. घाई नाही ना तुम्हाला? असली तरी बसा.

तर मी दुकानात चादरी विकते. मोठं, सरकत्या जिन्याचं दुकान. केस काळे होते तेव्हापासून विकतेय. आणि आता नवा साहेब म्हणतो काय, यापुढे गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायचं, चाचणी घेणार, जमलं नाही तर तळघरातल्या गोदामात गठ्ठे लावायचे. गोदामात! अहो, तिथे बोलायला चिटपाखरू नाही, मी काय उशांशी बोलू? तोंडचं पाणीच पळालं माझ्या. दिवसभर बोलले नाही तर मला रात्री जेवण जात नाही, विचारा आमच्या चिरंजीवांना.

सूनबाई शिकवण्या घेते, म्हटलं मलाही शिकव. तर पुस्तकात काय, आकाश निळं आहे, बाग सुंदर आहे... असलं मी कधी बोलते का? एक शब्द डोक्यात टिकेल तर शपथ. शेवटी तिने चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाली, "आई, माणूस जे रोज बोलतो ते लवकर शिकतो. आजपासून बाकी सगळं आपल्या भाषेत. तक्रार करायची तर इंग्रजीत."

घ्या! मग घरात दुसरं बोलायला राहिलं काय?

त्याच दिवशी भाजी खारट. तोंड उघडलं... आणि मिटलं. 'सॉल्ट' आलं, पुढचं येईना. डिक्शनरीत शोधेपर्यंत चिरंजीव जेवून, हात धुऊन मोकळे. तक्रार कशी गरमागरम वाढावी लागते हो! पण तुम्हाला सांगते, तिथून जी पेटले... भाजी टू सॉल्टी, टीव्ही टू लाउड, नळ लीकिंग, पंखा यूसलेस, चिरंजीव तेही यूसलेस! तर सून म्हणते, अहो आई, माणसाला यूसलेस म्हणू नये, लेझी म्हणावं, यूसलेस मनाला लागतं. अगं, लागावं म्हणूनच तर बोलतेय! आणि रागाचे प्रकार तरी किती? वैतागलं की अनॉइड, मन खट्टू झालं की डिसअपॉइंटेड, तळपायाची आग मस्तकात गेली की फ्युरिअस. आणि रुसलं की? म्हणे, त्याला नेमका शब्द नाही. मग ते लोक रुसतात कसे? मी आपली रुसून बसले, बिनशब्दाची. काय करणार, तक्रार करायची तर इंग्रजीत! पण शिकले बरं का. झोपेत ओरडायचे, 'दिस इज नॉट ॲक्सेप्टेबल', आणि शेजारच्या खोलीतून चिरंजीव विचारायचा, आता मी काय केलं?

चाचणीला साहेबाने निळी फुलाफुलांची चादर पुढे केली. म्हणाला, ही मला विका. मी चादर घेतली, आणि लख्खकन आठवलं... कौतुकाचे शब्द मला येतच नाहीत! घरात कधी लागलेच नाहीत हो. एकटं 'नाइस' किती वेळ ओढणार? डोळ्यांपुढे गोदाम... आणि बोट लागलं शिवणीला. उसवलेली! सुटले मी. स्टिचिंग लूज, कलर फेडेड, आय ॲम नॉट अनॉइड सर, आय ॲम डिसअपॉइंटेड, दिस इज नॉट ॲक्सेप्टेबल! श्वास घ्यायला थांबले तेव्हा कळलं, दुकानाची चादर मी दुकानाच्याच साहेबासमोर धुऊन वाळत घातलीय.

साहेब हसला. म्हणाला, चिडलेली गिऱ्हाइकं नेमकं हेच बोलतात, आणि आमच्यात कोणाला ते धड कळत नाही. गोदाम टळलं! बसवलं मला तक्रारींच्या खिडकीवर, फिरत्या खुर्चीत. मी आनंदाने उडत घरी आले हो!

पण आता? सकाळपासून रांग. जो येतो तो माझेच शब्द माझ्या अंगावर फेकतो. फ्युरिअस, हॉरिबल, यूसलेस... सगळे कळतात, तेच तर दुःख! त्यांची तक्रार इंग्रजीत, आणि मला परवानगी कशाची? 'सॉरी' म्हणायची. दिवसभर सॉरी! संध्याकाळी घरी येते तर भाजी खारट, पंखा किरकिरतोय, चिरंजीव लोळतोय, सगळं जिथल्या तिथे, तक्रारीला कश्शाची कमी नाही... आणि सूनबाई ताट वाढत गोड आवाजात विचारते, "आई, आज काही तक्रार?"

मी तोंड उघडते. आणि तुम्हाला सांगते, बाहेर काय पडतं...

"सॉरी."