मामाजीनं पाहून घेतलेली गिटार

नाई, पन मले एक सांगा, गिटार घ्याले जाताना सासऱ्याले कोन संगं नेते? बैल घ्याले न्या, चौकटीचं लाकूड घ्याले न्या, पोरासाठी पोरगी पाहाले न्या, मी नाई म्हनत नाई... पन गिटार? तुमाले सांगतो, प्रफुलच्या त्या एका गिटारीपायी आमच्या घरी जे झालं ते आयकाल, तं तुमी जत्रेत पोट्ट्याले पिपानी घेऊन देतानाबी दहादा इचार कराल.

थांबा, प्रफुल कोन ते सांगतो. प्रफुल म्हंजे माहा साडभाऊ. माही बायको दिव्यानी, तिची लहान बहीन मयुरी, आन मयुरीचा नवरा हा प्रफुल. मानूस लाखाचा, पन बूड म्हनून एका जागी टेकत नाई. जेवाले बसला का ताटावर ताल, फटफटीवर बसला का टाकीवर ताल, मयतीत गेला तरी मांडीवर बोटं चालूच! गेल्या साली त्याले झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत गिटार वाजवाले भेटली. तुमाले तं ठाऊकच हाये, आपल्याकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई, म्हंजे जत्राच, मंडई आली का नाटक, आन नाटकाले हजारोनं पब्लिक. आन या बाप्पाची गिटार साधी, खोक्याची. तिच्यासमोर माइक लावून ठेवा लागे. मंग माइकात गिटार कमी आन शेजारचा तबला जास्त, आन हिरोईन रडाले लागली का नेमका तो माइक कूंऽऽऽ करून शिट्टी मारे. ती बिचारी इकडं बाप मेला म्हनून छाती बडवून राह्यली आन पब्लिक हासून राह्यली. शेवटी पवन मास्तर, म्हंजे कंपनीत ऑर्गन वाजवते तो, साऱ्या वाजवनाऱ्यायवर त्याचाच हुकूम, त्यानं सांगून टाकलं, "पुढच्या सिझनले पिनवाली गिटार आन. नाईतर येऊ नको."

पिनवाली म्हंजे कशी, का तिच्या पोटातच माइक रायते, बुडाशी भोक रायते, भोकात वायर खुपसा, वायर जोडा स्पीकरले, झालं. आन नाई आनली तं? तं कोरपन्याले जा, सिमेंटच्या फॅक्टरीत ठेकेदाराच्या हाताखाली थैल्या उचला. ठेकेदाराचा फोन येऊनही गेलता. मयुरी म्हने, जातीन तं जावो, पन हे थैल्यायवर ताल धरतीन आन ठेकेदार दुसऱ्या दिवशी हाकलन. ती हासून बोले, पन प्रफुलले आतून धाकधूक होती. त्याले थैलीची भीती नव्हती बरं का. मले एकदा म्हने, भाऊ, गिटार एकदा हातातून सुटली ना, का मानूस परत धरत नाई, धरीन धरीन म्हनते आन म्हातारा होते.

मंग यानं मोबाइलात गिटारी पाहाले सुरुवात केली. आता बोला! एक पोट्टा म्हनते हीच घ्या, डोळे लावून घ्या. दुसरा म्हनते ही घेतली तं पस्तावाल. तिसरा म्हनते वरची फळी खऱ्या लाकडाचीच पाह्यजे. चौथा म्हनते काई गरज नाई, स्टेजवर वाजवाची तं प्लायच बरी, शिट्टी मारत नाई आन पावसात फुगत नाई. हा सकाळी एक ठरवे, दुपारी दुसरी, दिवस बुडता बुडता म्हने आपून ऑर्गनच शिकाव का? धान निसवला, तरी याचं ठरलं नाई. त्यात आमच्याकडं रेंज फक्त विहिरीजवळ. तं हा मोबाइल घेऊन विहिरीभोवती चकरा मारे, स्वताशीच बोले, डोक्याले हात लावे... गावातली दोन मानसं गुपचूप माह्याकडं आली, म्हने तुमचा साडभाऊ काई बरंवाईट तं नाई ना करून घेनार?

बरं, पैसे किती? आठ हजार. मयुरीनं उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, त्याचे. आन ते ठेवाले कोनाजवळ दिलते? आमच्या सासऱ्याजवळ. इथीच सारी गोची झाली.

आमचे सासरे दादाजी. आमी दोघंही जवाई त्यायच्याच गावात, घरं लागून, आन दोघंही त्यायले मामाजी म्हन्तो. आता मामाजी म्हंजे काय मानूस, ते आयका. आसपासच्या गावात कोनी बैल घेतला तं मामाजीनं दात पाह्यल्याशिवाय दावं हातात घेत नाई. आन लाकूड? डोळे मिटून बोटाच्या पेरानं ठोकते आन सांगते, हा साग, हा बिजा, हा शिवन. पलंग घ्या, पाटा घ्या, कायबी घ्या, मामाजीचं एकच बोलनं, "वस्तू पाहून घेतली पाह्यजे." माह्या लग्नातलं कपाट पाहाले दुकानात उभे राह्यले तं दुकानदारानं मंगळवारचं दुकान बुधवारी बंद केलं! तं मामाजीनं पैसे काढले, कपाळाले लावले, आन परत खिशात घातले. म्हने, "जवाईबापू, देतो ना. पन वस्तू पाहून घेतली पाह्यजे. मी येतो."

झालं कल्यान. आमी तिघं यष्टीनं चांद्याले, म्हंजे चंद्रपुराले.

दुकान मस्त मोठं, भिंतीवर गिटारीच गिटारी. शेठनं पहिली काढून देली. प्रफुलच्या हातात जायच्या आधी मामाजीनं धरली. पालथी केली. ठोकली. मंग तिच्या भोकाले नाक लावून वास घेतला... आन डाक्टर नातेवाइकायले बाहेर बोलावून सांगते ना, तशा आवाजात म्हने, "प्लाय." शेठ म्हने, अंकल, इस भाव में सब प्लाय ही आता है. मामाजी म्हने, अरे शेठ, सागाच्या मुलखात राहून तुमी प्लाय इकता, तुमाले झोप कशी लागते? शेठनं दुसरी काढली, वरची फळी खरी, भाव डबल. मामाजीनं नख लावून पाह्यलं. लाकूड खरं हाये म्हने, पन कवळं झाड कापलं, पापी लोकं. तीही गेली.

मंग तिसरी. काळी, चमकदार, तीबी प्लायचीच. ती प्रफुलनं झपकन सोताच घेतली, वायर लावली, आन एक तार छेडली... तुमाले सांगतो, मी त्या मानसाले त्याच्या लग्नापासून पाहून राह्यलो, पहिल्यांदा त्याचे पाय हालाचे थांबले. डोळे भरले त्याचे. मले समजलं, हीच.

आन मामाजीले काय दिसलं? मामाजीले दिसलं का तिचा एक खांदा नाई! आता त्या गिटारीले एका बाजूनं खाच देलेली रायते, बोटं खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचली पाह्यजे म्हनून. शेठनं लाख समजावलं, अंकल, ये डिझाइन है. मामाजी म्हने, हात जाते तं जावो, पन वस्तू कमी झाली का नाई? लाकूड तं गेलं ना तेवढं? अरे, कान फाटला तरी बैलाचा भाव पडते, इथी तं पुरा खांदा गायब हाये. आन जो गिऱ्हाइक दुकानात येईन त्याले बोलावून दाखवे, पाहा बा, हे फुटकी पुऱ्या भावात देऊन राह्यले. प्रफुलची लाजेनं मान वर होईना, तो दुकानाच्या आत बाहेर, आत बाहेर. पन शेवटी शेठ थकला. आठ हजारात गिटार, वरून वायर आन थैली! मामाजीनं नाई खोडी काढली असती तं ती गिटार याच्या बजेटात सात जन्मात बसली नसती. आता बोला, कोनाले दोष द्याचा? आन तरीबी हा यष्टीत बसला का मले म्हने, भाऊ, पयलीच बरी होती का?

इथी गोष्ट संपाची ना? मानसं खुश, गिटार घरी, मयुरीनं हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. पन गाव हाये ते. जो येते तो पाहते आन विचारते, दादाजी, खांदा कोनं तोडला? प्लाय हाये म्हने? तुमी संगं असून प्लाय? मामाजीचं जेवन कमी झालं. पडवीत बसून त्या गिटारीकडं पाहत, जशी काई घरात पाहुनी आली आन तिले बसाले देलं नाई.

आन पाच-सहा दिवसासाठी प्रफुल आईले घेऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात गेला. तेवढ्यात मामाजीनं काय कराव? आपल्या घराच्या मागच्या दरवाजाचं कवाड काढलं, बापाच्या वेळचं, अस्सल सागाचं. ते कवाड आन गिटार घेऊन गेले सुताराकडं. वरची प्लाय काढली, तिथी सागाची फळी, चांगली बोटभर जाड! गेलेला खांदाही भरून आनला सागानं. आतल्या वायरी जशाच्या तशा बसवल्या, वरून पालिश असं का तोंड पाहून घ्या. प्रफुल घरी आला तं मामाजीनं दोनी हातानं उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. दोनी हातानंच उचला लागे, एवढी जड! म्हने, "आता कोनी बोलनार नाई, जवाईबापू."

प्रफुलनं तार छेडली.

ठक्.

परत छेडली. ठक्. मामाजी म्हने, लाकूड मुरलं का आवाज सुटन. आता मले सांगा, ज्या मानसानं आपल्या घराचं कवाड काढून देलं, त्याले काय बोलाचं? प्रफुल उठला आन विहिरीवर गेला. मी मांगं गेलो. तो चकरा मारून राह्यलता. म्हने, भाऊ, परवा वडश्याले, कंपनीच्या गावी, पवन मास्तर गिटार आयकनार हाये. वायर लावून वाजते का नाई ते पाहाले गावात स्पीकर नाई. ठेकेदाराले फोन लावू का? मी म्हटलं, जाऊ तं दे वडश्यापर्यंत. रडाचं तं मास्तरसमोर रडू.

तं निंगालो जीपनं. मामाजी संगं, इचारूच नका. रस्त्यात फॉरेस्टचा नाका. गार्डनं जीप थांबवली, आपलं काम करून राह्यला बिचारा, एकेक थैली उचलून पाहे. गिटारीची थैली उचलली आन थबकला. उघडली. सागवान! चकाचक! म्हने, टीपी कुठी हाये? टीपी म्हंजे लाकूड न्याचा पास. प्रफुल म्हने, साहेब, गिटार हाये. गार्ड म्हने, "वाजवून दाखव."

आता बोला!

ठक्. गार्ड म्हने, अजून. ठक्, ठक्. पुरी जीप खाली उतरून पाहून राह्यली. प्रफुल म्हने साहेब, वायर लावली का वाजते. गार्ड म्हने, लाव. कुठी लावनार, नाक्याच्या झोपडीत? गार्ड म्हने, हे फळीले तारा बांधून सागवान काढाची नवीन तऱ्हा दिसते, ठेवा इथीच. जीपवाला हॉर्न मारून राह्यला, मास्तरनं दुपारची वेळ देलेली, आन प्रफुल... तो एकदम शांत उभा. त्याचे हातपाय हालत नव्हते, आन यावेळी मले ते काई बरं वाटलं नाई.

तं गार्डनं फळीवर पेर ठोकलं आन मामाजीले इचारलं, "काय बाबा, अस्सल हाये ना?"

मामाजीचं तोंड असं उजळलं! इतक्या दिवसानं कोनीतरी वळखलं होतं. मले वाटलं, आता हा मानूस झाड, जंगल, वर्ष, सारं सांगते. मामाजीनं प्रफुलकडं पाह्यलं. गिटार उचलली, पालथी केली, मांगची बाजू गार्डपुढं धरली. म्हने,

"सागवान नोय साहेब. प्लाय हाये. वरून रंग मारला."

गार्डनं मांगून ठोकलं. भोकाले नाक लावलं. प्लायच ते, मांगून तं होतीच. जा म्हने.

मंग वडश्याले पोचलो. तिथी वायर लावली, प्रफुलनं डोळे मिटले, तार छेडली... आन काय सांगू, भरून आवाज! बाजूले ऑर्गन, बाजूले तबला, स्पीकर तोंडासमोर, पन ती गिटार शिट्टी म्हनून मारत नाई. एवढ्या जाड फळीतून काय शिट्टी मारते? खालच्या पट्ट्यांपर्यंत बोट जात नाई, कारन खांदा भरून आला ना. मास्तर म्हने चालते, वरच्याच वाजव. जागा पक्की!

आता सिझन चालू हाये, आन मामाजी दर नाटकाले कंपनीच्या टेम्पोत संगं. काऊन? तं रस्त्यात नाके हायेत ना. आन मंडपात बसले का शेजारी जो असन, ओळख ना पाळख, त्याले सांगते, पाहुने, ते गिटार सागवान नोय बरं, प्लाय हाये. परवा न राहवून मी म्हटलंच, "मामाजी, इथी कोन गार्ड हाये? न इचारता काऊन सांगता?"

म्हने, "सवय रायली पाह्यजे बापू. एखांद्या दिवशी तोंडातून खरं निंगून गेलं, तं पोट्ट्याची गिटार जाईन."

जवाई तं मीबी हाये, त्याच्या आधीपासून हाये... पन माह्यासाठी हा मानूस एवढं खोटं कदी बोलला नाई!