कोच म्हणाले, “चालु!”

मी हैदराबादला स्नॅच कसा शिकलो ते सांगितलं का तुम्हाला? स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. पुण्याहून बदली झालेली, काचीगुड्यात एकटाच राहायचो. ऑफिस सुटलं की बोलायला कोणी नाही, म्हणून जिम लावली.

कोच तेलुगू, पण माझ्याशी हिंदीत बोलायचे. “हाथ से नक्को खींचो, पैरां से धकेलो!”

एकदा बार झकास वर गेला. ते खूश होऊन म्हणाले, “चालु!” मी चालू ठेवलं. ते ओरडले, “चालु, चालु!” मी आणखी जोर लावला. त्या गावात माझ्यासाठी कोणीतरी पहिल्यांदाच एवढं ओरडत होतं, मला तर भरूनच आलं. शेवटी हात लटपटले, बार धाडकन मागे पडला आणि मी बदकन खाली बसलो.

कोच धावत आले. “अरे मियां, चालु बोले तो बस! तेलुगु नहीं आती क्या?”

तेलुगूत चालु म्हणजे पुरे.

घरी पोचतो तोच आईचा फोन. “तिकडचं सगळं चालू आहे ना रे नीट?”

“चालु, आई. चालु.”

तिनं ते मराठीत ऐकलं.