सहावं ताट

— अपमान? माह्या पोरीनं, साक्षीनं, अपमान केला, असं म्हनले थे? कोन म्हनलं, उकंडराव का त्याईचा पोरगा हरीओम? — नाई, बसा भाऊजी, उठू नोका. निरोप आनला ना, मंग जवाबही घेऊन जा. सोयरीक आनली तुमी, अन् पोरगी पाहाच्या दिवशी तुमीच नाई आले — सोयाबीन सोंगाले मजूर भेटले म्हनून — हो हो, मजूर भेटत नाई आजकाल, मले काय मालूम नाई? — पन तुमी तिथी असते तं आज मले हे सांगा लागलं नसतं.  त्या दिवसापासून पनीर घरात आनू देल्लं नाई मी.

आमी तं म्हटलं होतं, आसेगावले घरीच या. पोह्याचे शेंगदाने भाजून ठेवले होते मी. तं उकंडरावाचा फोन — घरीबिरी आता कोनी पाहात नाई, कारंज्याच्या रोडवर नवीन फॅमिली रेस्टॉरंट झालं, ए.सी. हाये, तिथी या. साक्षीचे बाबा खुश — सुदरेल मानसं हायेत म्हने! मीही खुश झाली, कायले खोटं बोलू — पोरगा पतसंस्थेत नोकरीले, वलिताचं वावर, अन् आपली साक्षी मंगरूळच्या लॅबमंधी रक्त तपासते — जोडा शोभते, असं वाटलं. वाटलं का नाई? वाटलं. अन् थे रेस्टॉरंट! बाहेरून लायटिंग, काचा — आत पाय टाकला का वास, फिनाईलचा अन् कालच्या रश्शाचा, दोनी एकात एक. टेबल पुसलं — कायनं पुसलं? काया फडक्यानं, अन् थे असं गियगियीत का पुसल्यावर टेबल आनखी चिकट. माह्या कोपराले लागलं तं मी पदरानं पुसत बसली. भाज्या आल्या — एक लाल, एक पिवयी, एक हिरवी — अन् चव? एकच! एकाच गंजात शिजवेल, वरून रंग टाकेल. पनीर रबरावानी. तेल असं का वरचा लाईट त्याच्यात दिसे. अन् हरीओम मिटक्या मारून राह्यला, भाऊजी! बोटं चाटे, त्याच बोटानं मोबाईल सरकवे, पुन्हा तेच बोट लोनच्यात. वेटरले शुक शुक करे — कुत्र्याले करतात तसं. नाक शिंकरलं, कागद चुरगायला, अन् ठेवला कुठी? पापडाच्या बशीत. मी मनात म्हटलं — जाऊ दे, मानूस शिकवता येते, साक्षी शिकवन त्याले. — असंच म्हनतो ना आमी बाया?

पन ताटाचं सांगते. आमी सहा जन बसलो होतो — इकडून आमी तिघं, तिकडून उकंडराव, हरीओम अन् त्याची माय, रुपाबाई. अन् ताटं आली पाच. मी वेटरले म्हटलं, बापू, एक ताट राह्यलं. तं उकंडराव म्हने, 'राह्यलं नाई, तिले उपास हाये.' बुधवारी! बुधवारी कोनता उपास असते? मी रुपाबाईकडे पाह्यलं, तं तिनं मान खाली घातली अन् सगयाईच्या गिलासात पानी वतत बसली. बारीक बाई, बांगड्या कोपरालोक घसरे. मंग उकंडराव हासले — 'आमच्या घरच्या बाया चारचौघात तोंड हालवत नाई, नेम हाये आमचा. तू खा वं पोरी, लग्न होईलोक खाऊन घे!' — अन् सगये हासले. हरीओम हासला, साक्षीचे बाबा हासले, अन् मी — मीही हासली. साक्षी तेवढी नाई हासली.

मंग रुपाबाई उठली, हात धुवून येते म्हने. आता जेवलीच नाई तं हात कायचे धुते? पन माह्याही पदरावर थ्या लाल रश्शाचे शितोडे उडाले होते, म्हनून मी तिच्या मांगं गेली. बेसिन तिकडे मांगं, मोरीजवय, अन् बाजूले उष्ट्या ताटाईचा टब. — थांबा, मले सांगू द्या. — ती बाई त्या टबापाशी उभी होती भाऊजी, भिताडाकडे तोंड करून. कोन्या अनोयखी मानसानं टाकेल अर्धी रोटी, रश्शात भिजेल, वरतून कांद्याची फोड चिकटेल — ती रोटी तिच्या तोंडात. घाईघाईनं. मले पाह्यलं अन् थांबली. गाल फुगेल, डोये मोठ्ठे — गियता येईना, थुकता येईना. खोटं नाई सांगत, पयले तिचीच कियस आली मले. मंग तिनं तो घास कसातरी उतरवला अन् म्हने, 'सकायपासून पोटात काई नाई वं बाई. तिकडे सांगू नोको.'

अन् मले — काई नाई. — नाई, मले माही सासू आठवली. साक्षी पोटात होती, दिवस भरत आले होते, अन् ह्याच घरात पयले मानसाईचं जेवन, मंग सासूचं, मंग उरलं तं सुनेचं. भूक अशी लागे का डोयापुढे अंधारी ये. तं एकडाव गोठ्यात, म्हशीच्या मांगं बसून, शियी भाकर खाल्ली मी, शेनाच्या वासात. सासूनं पाह्यलं, अन् पुऱ्या आयीत सांगतलं — सून चोरून खाते. तुमाले मालूम असन थे, तुमीही हासलेच असान तवा. साक्षीचे बाबाही हासले होते. — हे कायले सांगून राह्यली मी तुमाले? सोडा थे. काई संबंध नाई त्याचा.

मी मांगं वयली तं साक्षी दारात उभी. मले बोलवाले आली होती, अन् तिनं सगयं पाह्यलं होतं. तिनं रुपाबाईचे हात धुवून देल्ले, हाताले धरून टेबलावर आनलं, आपल्या खुर्चीवर बसवलं. वेटरले म्हने, आनखी एक ताट आना. ताट आलं, साक्षीनं सोताच्या हातानं वाढलं — भात, वरन, गरम रोटी, लिंबाची फोड. म्हने, 'जेवा काकू.' उकंडराव म्हने, 'उपास हाये म्हटलं ना तिले!' तं साक्षी म्हने, 'मंग सुटला समजा.' — हाच तो तुमचा अपमान! याच्यावर एक शब्द जास्त नाई बोलली ती. उलट मीच तिचं मनगट धरून दाबलं, का बाई, बस कर.

अन् उकंडरावानं काय केलं, थे सांगतलं का तुमाले? नाई ना सांगतलं! रुपाबाईनं पयला घास मोडला, हातातच होता — तेवढ्यात त्याईनं तिच्यापुढचं ताट आपल्याकडे वढलं, गिलास उचलला, अन् त्या भरल्या ताटात हात धुतले. भातावर. वरनावर. सावकाश, एक एक बोट चोयून. मंग चूय भरली, घशात घरघर केली, अन् थेही त्याच्यातच टाकली. अन् ताट सरकवलं परत तिच्यापुढे. 'जेव,' म्हने, 'आता जेव.'

आख्खं हॉटेल पाहून राह्यलं होतं. साक्षीनं उकंडरावाकडे पाह्यलंच नाई — तिनं पाह्यलं हरीओमकडे. म्हने, 'तुमी काई बोलता का?' तं तो म्हने, 'बस ना खाली, कायले तमाशा करून राह्यली?' अन् पुन्हा मोबाईलमंधी डोकं. मंग साक्षी रुपाबाईले म्हने, 'चाला काकू, आपन त्या टेबलावर बसून जेवू.' अन् रुपाबाई — उठली नाई. उठली नाई भाऊजी ती. चिमटीतला घास तसाच धरून त्या ताटाकडे पाहात बसली. साक्षी उभी राह्यली, वाट पाह्यली तिची, अन् मंग एकटीच बाहेर निंगाली. तिच्या मांगं मी. साक्षीचे बाबा आतच, हात जोडून — लेकरू हाये, नादान हाये, मनावर घेऊ नोका.

येतानी जीपमंधी, घर जवय आलं तवा पोरगी एवढंच म्हने, 'आई, तू हासली.'  

अन् आता थे म्हनतात, पोरीनं येऊन पाया पडावं, मंग आमी इसरून जातो! वा रे वा! अन् साक्षीचे बाबा तयार हायेत, हे बी मालूम हाये मले — अशी मान काहून फिरवता? काल त्याईनंच फोन केला ना तुमाले, का कस्तुरीले समजवा, मायनं म्हटलं तं पोरगी आयकन? चुलीपाशीच होती मी, सगयं आयकलं. मंग आता माह्या तोंडून आयका. पाया पडनं नाई अन् लग्नही नाई. उकंडरावाले सांगा, मायनं नाई म्हटलं. बापानं नाई, मायनं. — काय? घरच्या मानसाले न इचारता? हो, न इचारता. थे वावरातून आले का त्याईले मीच सांगीन, तुमी मधी पडू नोका. — रुपाबाईले? तिले काय सांगान? तिचं नाव बी काढू नोका त्या घरात, तिलेच भोगा लागन.

झालं. उठा आता. सकायपासून काई खाल्लं नाई मी, हे आले का खाऊ म्हटलं होतं — नाई, आताच घेते वाढून. तव्यावरची भाकर हाये. — जा म्हटलं ना भाऊजी. मले जेवू द्या.