बारा सेकंदांची शांतता आणि हॉबर्टची टेप

मी, श्रीमती वर्डी स्टिल्टनर, वय ५७ वर्षे, धंदा शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक, शिक्षण चौथी, तीही अर्धी, राहणार बकहॉर्न ओढ्याकाठी, पुलापासून तिसरं घर, वेस्ट व्हर्जिनिया. आज रविवार दि. १९ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजता शेरीफच्या ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, डेप्युटी डेन्व्हर रॅटलिफ विचारतील तसा जबाब देते की,

वरील ठिकाणी मी एकटी राहते. नवरा हॉबर्ट चार वर्षांपूर्वी वारला. कोळशाच्या खाणीत छाती गेली. खाण सुटल्यावर तो आमच्या गावच्या रेडिओवर बोलायचा. हवामान, हरवलेली कुत्री, कोण आजारी, कोण गेलं. हा रेडिओ गावाचाच आहे, तिथे सगळे फुकट राबतात. डेप्युटी रॅटलिफ स्वतः दर मंगळवारी तिथे बॅन्जोच्या तबकड्या लावतात. हे वाक्य ते लिहीत नव्हते. मी लिहायला लावलं.

जिल्ह्याच्या आपत्तीसाहेबांची तक्रार आहे की, काल शनिवारी दुपारी रेडिओवरून पुराची खोटी सूचना देऊन लोकांना पळवलं. सूचना खोटी नव्हती. जुनी होती. ज्या टेपवर ती होती ती टेप ठाण्याने काल जप्त केली. ती माझी आहे. हॉबर्टचा आवाज तेवढाच उरलाय. ती परत पाहिजे म्हणून मी बोलावण्याची वाट न बघता आले.

उन्हाळ्यात वीज पडून रेडिओचा ट्रान्समीटर जळाला. सध्याचा उसना आहे. नवा घ्यायचा म्हणून काल दुपारी तीन वाजता अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गाणारी दोघं, मॅरेन आणि क्ले. स्वतःची गाणी स्वतः रचतात आणि व्हॅनमधून गावोगाव गात फिरतात. कालची बिदागी त्यांनी घेतली नाही. शुक्रवारी ती दोघं माझ्याकडे उतरली. सकाळी मी डुकराचं मांस तळलं तर पोरगी म्हणते, "मावशी, मी प्राण्याचं खात नाही." मी म्हटलं, "तुझ्या एकेका गाण्यात तीन-तीन माणसं मरतात आणि डुकराचं तुला वाईट वाटतं होय?" क्ले खूप हसला. त्याने तिच्या वाटणीचंही खाल्लं.

आता पेटीबद्दल. केंद्रात एक पेटी आहे. रेडिओवर बारा सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर पेटीला वाटतं केंद्र बंद पडलं, आणि ती आपणहून आत असेल ती टेप लावते. एकदा लागली की हातानेच बंद करावी लागते. एरवी तिच्यात फिडलची टेप असते. केंद्र सांभाळणारा लोवेल प्रेटर काल हॉलमध्ये माइक सांभाळत होता. केंद्रात कोणी नव्हतं. हॉलमधलं गाणं तारेने केंद्रात आणि तिथून घराघरांत जात होतं.

हे मी मॅरेनला आधीच सांगितलं होतं. म्हटलं, "पोरी, गाताना थांबत जाऊ नकोस. इथे थांबलीस की टेप लागते." ती म्हणाली, "मावशी, शांतता हासुद्धा गाण्याचाच भाग असतो." मी म्हटलं, "शांतता घरी करावी. लोक गाणं ऐकायला येतात." क्लेचं तसं भय नव्हतं. तो एक तार जुळवायला पाच मिनिटं घेतो, पण तेवढा वेळ आपल्या आजोबांच्या खेचराची गोष्ट सांगतो. खेचर मेलं तेव्हा गिटार जुळली.

चार वाजायच्या सुमारास मॅरेनने खाणकामगाराच्या बायकोचं गाणं घेतलं. शेवटच्या कडव्याआधी ती थांबली. डोळे मिटले. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मी मागे स्वयंपाकघरात भाजलेली गोड पाई कापत होते. मनात म्हटलं, गा बाई, गा आता. ती गायली नाही. ओट्यावरच्या रेडिओतून हॉबर्ट बोलला.

तो म्हणाला, "बकहॉर्नकाठच्या मंडळींनो, पाणी पुलाला लागलंय. म्हातारी माणसं, औषधं आणि कुत्री घ्या आणि अग्निशमन दलाच्या हॉलकडे वर या. भांडी राहू द्या. भांडी पोहत नाहीत."

ही अकरा वर्षांपूर्वीच्या पुरातली टेप आहे. त्या दिवशी तो नऊ तास न थांबता बोलला होता.

टेप पेटीत कशी गेली असं विचारलं. घरचं टेपयंत्र टेप खातं. केंद्रातलं, त्या पेटीतलं, चांगलं आहे. दर गुरुवारी मी केंद्र झाडायला जाते. केंद्र फारसं मळत नाही. तरी जाते. या गुरुवारी लोवेल पाहुण्यांचं बघायला लवकर आला. मी झाडू उचलला आणि निघाले. टेप आतच राहिली. फिडलची टेप माझ्या एप्रनच्या खिशात सापडेल. आणली आहे.

त्यानंतर लोक आले. आधी गाड्यांचा आवाज, मग कुत्री. एकूण साठ-पासष्ट माणसं. ऑपल मेडोज कोंबडी काखेत घेऊन आली. बर्ल हॅटफिल्डने झोपायच्या विजारीवर पँट चढवली होती, त्यात पाय मुरगळला. बाहेर लख्ख ऊन होतं. ओढ्यात बदकाचे पाय बुडतील एवढं पाणी होतं. डेप्युटींनी हॉलच्या दारातच बर्लला विचारलं, "अहो बर्लकाका, हॉबर्टला जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही तर खांदा दिला होता. कळलं नाही तुम्हाला?"

बर्ल म्हणाला, "मेलाय हे मला ठाऊक आहे रे. पण तो उगीच सांगणारा माणूस नव्हता."

आपत्तीसाहेबांनी हेही लिहून न्यावं.

एवढ्या माणसांना माघारी कशी पाठवणार? घेवडा आणि मक्याचा पाव पुष्कळ होता, मी वाढला. मॅरेनने ते गाणं पहिल्यापासून पुन्हा गायलं. या वेळी थांबली नाही. कोंबडी शेवटपर्यंत बसली होती. बर्लच्या पायाला मी बर्फ लावला, त्याची तक्रार नाही. त्याने दोनदा पाई घेतली.

रेडिओ ऐकू आल्यावर लोवेलला ताबडतोब का सांगितलं नाही, असं डेप्युटींनी विचारलं. माझे हात पिठात होते.

पाई तर भाजून झाली होती आणि तुम्ही ती कापत होता, असं ते म्हणाले. बरोबर आहे. पीठ नव्हतं.

मी चार मिनिटं सांगितलं नाही. त्या टेपवर चौथ्या मिनिटाला हॉबर्ट एक वाक्य बोलतो. ते पुराबद्दल आहे, पण सगळ्यांसाठी नाही. ते होऊ दिलं. मग सुरी खाली ठेवली आणि लोवेलला सांगितलं. तो गाडीने केंद्रात जाऊन पेटी बंद करेपर्यंत आणखी नऊ मिनिटं गेली. नऊ मिनिटं लोवेलची, चार माझी. दंड करायचा तर माझ्या चारांचा करावा. लोवेलचा, गाणाऱ्यांचा आणि रेडिओचा यात दोष नाही. शांततेचा दोष आहे, पण पोरगी वाईट नाही.

टेपवर काय आहे याची खात्री करायला डेप्युटींनी ती ठाण्याच्या यंत्रावर लावली. आधी मी ते यंत्र उघडून आतून पुसलं. चौथं मिनिट यायच्या आधी डेप्युटींना कॉफीची आठवण झाली. दार ओढून घेऊन ते गेले. कॉफीचं भांडं याच खोलीत आहे.

ते परत आल्यावर असं ठरलं की नक्कल ठाण्यात राहील आणि मूळ टेप मला मिळेल. क्लेकडे नक्कल करायचं यंत्र आहे, तो बाहेर व्हॅनमध्ये थांबलाय, आपत्तीसाहेबांच्या कारकुनाला खेचराची गोष्ट सांगतोय. ही टेप पुन्हा पेटीत घालणार नाही असं मी कबूल करते. गुरुवारी झाडायला जाणार नाही असं कबूल केलेलं नाही.

माझं वाचन कच्चं आहे. घरी आलेला कागद हॉबर्ट वाचून दाखवायचा. हा कागद डेन्व्हरने वाचून दाखवला. तो फार भरभर वाचतो, शाळेत जेवायचा तसाच. सगळं माझ्या तोंडचं आहे आणि खरं आहे. वाचताना तो एकाच ठिकाणी थांबला, चार मिनिटांपाशी. बारा सेकंद तरी झाले असतील. कुठलीच टेप लागली नाही. मग त्याने पुढचं वाचलं आणि मी सही केली.