शेजारी गाव सोडून जातो

...नाही, मला काढा, माझी काही हरकत नाही, पण माणसाला काढताना निदान बसा तरी म्हणा हो! उभ्याउभ्या सांगितलं! तुम्हाला सांगतो, सोळा वर्षं... सोळा वर्षं त्या विनोदी मालिकेत मी शेजाऱ्याचं काम करतोय. काम म्हणजे काय, तर बेल वाजते, दार उघडतं, मी वाटी पुढे करतो, "साखर आहे का?", आतून आजी ओरडतात, "आला मेला!", हशा, दार बंद! बाकी सगळे सोफ्यावर, आणि मी? मी दारात!

बरं, हशा तरी कुठला? यंत्रातला! ध्वनीवाला बटण दाबतो, शंभर माणसं हसतात. सुरुवातीला लोक खरंच हसायचे हो! पण विनोदालाही वय असतं की नाही? घरातला फ्रिज चार वेळा बिघडून झाला, कर्त्याची किल्ली अकरा वेळा हरवून झाली, आणि धाकटे चिरंजीव? पहिल्या भागात शाळेत जात होते, ते अजून जातायत! रोज सकाळी घोटून दाढी करतात आणि नववीत जाऊन बसतात!

तर त्या दिवशी चॅनेलच्या मॅडम आल्या. वय माझ्या मुलीएवढं. "काका, मालिका फ्रेश करायचीय. शेजारी गाव सोडून जातो. आज शेवटचा सीन. ओके?" सोळा वर्षांचा संसार, आणि ओके! पण बोलणार काय? त्या आत, पंख्याखाली, आणि मी? मी दारात!

दुपारी बायकोला फोन करून सांगितलं. ती नुसती "अगंबाई!" म्हणाली आणि फोनच ठेवून दिला. मलाच वाईट वाटलं तिचं.

मेकअपच्या खोलीत गेलो तर माई बसलेल्या. माई म्हणजे मालिकेतल्या आजी. अठ्ठ्याहत्तरी उलटलेली, एकेकाळी नाट्यगृह दणाणून सोडलेली बाई! पण हल्ली वाक्यं विसरतात. मला म्हणाल्या, "आज तू, उद्या मी. आज एक जरी वाक्य चुकलं ना, तर पुढच्या भागात आजी कोमात. कोमाला पाठांतर लागत नाही!" हसून म्हणाल्या हो... पण लगेच हातातला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

सीन सुरू झाला. मॅडम समोरच, हाताची घडी घालून. बेल, दार, मी बॅग घेऊन उभा. माईंनी म्हणायचं, "जा बाबा, सुखी राहा." बस्स, चार शब्द! आणि माई... गप्प. नजर कोरी. दिग्दर्शकाचं तोंड 'कट' म्हणायला उघडलेलं मला दिसलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बॅग टाकली आणि सरळ आत! सोळा वर्षांत पहिल्यांदा! त्यांचा हात धरला. बर्फ हो, बर्फ! माई पुटपुटल्या, "सोडू नकोस रे, मला काही आठवत नाहीये."

म्हटलं, "मला सगळं आठवतंय. तुम्ही फक्त रागवा!"

मग मोठ्याने म्हणालो, "आजी, 'जा बाबा, सुखी राहा' असं म्हणणार असाल तर म्हणू नका, मला रडू येतं!"

आणि तुम्हाला सांगतो, माईंच्या डोळ्यांत लखकन दिवा लागला! "सुखी राहा? मेल्या, सोळा वर्षांत नेलेल्या वाट्या आण आधी! आम्ही हल्ली बशीत पाणी पितो!"

"आजी, वाटी माझी असायची!"

"मग साखर माझी होती! ती दे!"

"ती प्यायलो चहात!"

"तरी म्हटलं, एवढा गोड कसा बोलतोस!"

फुटला हो हशा! बटण नाही काही, ध्वनीवाल्याचे दोन्ही हात पोटावर! दिग्दर्शक खाली बसला, आणि मॅडम? मॅडम डोळे पुसतायत! माई एकेका वाक्यावर अडायच्या, मी शेजाऱ्याच्याच तोंडून पुढचं सुचवायचो, की त्या ते झेलून असं फेकायच्या, असं फेकायच्या... दहा मिनिटं! माझा हात मात्र सोडला नाही त्यांनी.

मॅडम धावत आल्या. "काका, हे रोज जमेल? शेजाऱ्याचं घर दुरुस्तीला काढू, तो आजींकडेच राहायला येईल!"

मी माईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ठेवून घेते. पण घोरायचं नाही!"

तरंगत घरी आलो. म्हटलं, "अगं, काढलं नाही मला! उलट रोज काम, सकाळी सातपासून रात्रीपर्यंत!"

बायकोने डोळे मिटून हात जोडले, घळाघळा रडली बिचारी. मलाही भरून आलं. म्हटलं, "अगं वेडे, एवढी काळजी करत होतीस माझी?"

म्हणाली, "मग काय हो! दुपारपासून जीव टांगणीला... आता हा माणूस दिवसभर घरात बसणार!"

...असू दे. आनंद तो आनंद!