दुबईच्या पत्रातले सतरा स्वल्पविराम

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमचे रशीदसाहेब, हमिदाभाभी आणि मिरजोळ्याच्या या कारखान्यातील माझ्या सहकाऱ्यांनो,

मी पूर्वी. निर्यात विभागाचा पत्रव्यवहार मी सांभाळते, असं माझे बाबा बंदरावर सगळ्यांना सांगतात. प्रत्यक्षात इंग्रजी पत्रं रशीदसाहेब लिहितात आणि मी त्यांत स्वल्पविराम घालते. घरातली पहिली पदवीधर, त्यातून विषय इंग्रजी. जगाचं इंग्रजी आपणच सुधारायचं आहे, अशी माझी समजूत होती. कुणी सोपवलं होतं हे काम? कुणीच नाही.

रुजू होऊन तिसराच आठवडा होता. दुबईच्या व्यापाऱ्याची कोळंबीची ऑर्डर आली. आपली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे: त्याच पत्रावर सही-शिक्का करून, स्कॅन करून परत पाठवायचं. साहेबांनी सही केली. पाठवण्याआधी मी लाल पेनाने सतरा स्वल्पविराम घातले. व्यापाऱ्याच्या पत्रात. मग समाधानाने डबा खाल्ला.

दुपारी दुबईहून फोन आला. पत्रभर लाल खुणा पाहून त्यांना वाटलं, आपण अटीच बदलल्या. मॅनेजरसाहेबांनी मला घरी पाठवायचं ठरवलंच होतं. बाबांना काय सांगणार होते मी? तेवढ्यात रशीदसाहेबांनी फोन हातात घेतला. म्हणाले, "अट एकही बदललेली नाही. तुमचं पत्र इतकं मन लावून इथे आजवर कुणी वाचलं नव्हतं, एवढंच."

मग मॅनेजरसाहेबांना म्हणाले, पोरीला माझ्या शेजारी बसू दे.

दोन वर्षं बसले. जुन्या पत्रांची फाईल पुढे ठेवून ते मला मोठ्याने वाचायला लावत. अर्थ अडेल तिथेच पेन उचल, म्हणत. मी ओळीओळीला हिसके खात अडत होते. "वाचतेयस की रिक्षात बसलीयस?" असं त्यांनी विचारल्याचं विभागात अजून सांगतात.

काल त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "माझं शेवटचं पत्र, तपास," म्हणाले. कंत्राटावरच्या पूर्वीला कायम करावं, अशी ती शिफारस होती. आणि तिसऱ्या ओळीत अर्थ अडत होता, तिथे एक स्वल्पविराम हवा होता. काय करावं? ज्यांनी माझी नोकरी वाचवली, त्यांचीच चूक काढायची? खूप वेळ पेन हातात धरून बसले. मग घातला.

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं.

"परीक्षा बघायला सोडला नव्हता हां," ते म्हणाले. "खरंच राहिलेला. आता मी निवांत जातो."

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना कुठे उगाच थांबले असेन, किंवा थांबायचं तिथे पुढे गेले असेन, तर सांभाळून घ्यावं. नमस्कार.