मानोजीमामांनी लावलेले दोन सेकंद

मामी, मामांची मुलं, सुना, गॅरेजातली सगळी माणसं, क्लबातले मित्र, आणि मागे दाराशी उभे आहेत ते... अहो, आत या, खुर्च्या आहेत. मीसुद्धा बसूनच बोलणार आहे. माईक जरा खाली घ्या. अजून. हां, आयतु, झालं.

मी सुमित्रा. छत्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. मामा जाऊन आठ दिवस झाले, पण अजून गाडीचा कसला आवाज आला की हात फोनकडे जातो. काल तर नंबर लावलासुद्धा. मामींनी उचलला.

आपल्या घरातलं मराठी बोलते, चालेल ना? अर्धं कानडी, अर्धं आपलं. मामा माझ्याशी असंच बोलायचे. पुण्याहून कुणी पाहुणे आले असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर माझं चित्त लागणार नाही. क्लबाच्या अध्यक्षसाहेबांनी मघाशी माझ्या हातात एक कागद दिला. शेवटी वाचून दाखवा म्हणाले. त्यात असं आहे की आपल्या ऑटोक्रॉसमध्ये यापुढे मामांच्या नावानं एक विशेष गट सुरू होणार. माझ्यासारख्या, पायानं अधू असलेल्या लोकांसाठी. पहिला कप माझ्या हस्ते. कागद या पर्समध्ये आहे. तो वाचायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. साहेब, रागावू नका. बोलता बोलता ठरेल.

ज्यांना ऑटोक्रॉस म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोटे रस्त्यावर ते मोकळं मैदान आहे ना, तिथे रविवारी सकाळी नारिंगी कोन मांडतात. त्यांच्यामधून एकेकट्यानं गाडी वळवत न्यायची. शेजारी दुसरी गाडी नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. कोन पाडलात तर दोन सेकंद दंड. हौशी लोकांचे दोन गट. कंपनीतून आली तशीच गाडी असेल तर पहिला. चालीत फरक पडेल असं काही बदललं असेल तर दुसरा, आणि तिथे एकेक महाभाग असतात! कोणाची कुठली गाडी कुठल्या गटात, हे ठरवायचे मानोजीमामा.

कसे ठरवायचे? गाडीला हात लावायचे नाहीत आधी. एक लाकडी बाक असायचं. त्यावर माणसाला बसवायचं, हातात कॉफी द्यायची आणि म्हणायचं, “काय काय बदललंय, आपल्या तोंडानं सांग.” मग लोकांच्या स्मरणशक्तीची काय गंमत! कोणी स्प्रिंगा विसरायचं. कोणी मागची सीट काढून घरी ठेवलेली, ते विसरायचं. सगळ्यांना पहिला गट हवा, कारण तिथे जिंकायची आशा जास्त. एकजण मात्र उलटा. नुसता सायलेन्सर बदललेला, आणि दुसऱ्या गटातच घाला म्हणून हटून बसला. मामा म्हणाले, “अरे, आवाज तेवढा मोठा झालाय. जा पहिल्या गटात.” तो आज आलाय. हसतोय बघा.

आता माझं. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला. चाळिशीत मी गाडी घेतली, आणि मामांनी आपल्या गॅरेजात तिला एक लिव्हर बसवून दिली. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला. पुढे ढकलली की ब्रेक, ओढली की एक्सलेटर. डाव्या पायानं क्लच. मामा महिनाभर खपले त्यासाठी. तीनदा काढून परत बसवली, कारण माझं मनगट दुखत होतं. पहिल्यांदा एकटीनं गाडी चालवत मी शाळेत गेले, तेव्हा फाटकातला वॉचमन सलाम ठोकायचा विसरला.

सहा महिन्यांनी मी रविवारी मैदानावर गेले आणि अर्ज भरला. गट पहिला. का नाही? इंजिन कंपनीचं, टायर कंपनीचे, स्प्रिंगा कंपनीच्या. फक्त ती लिव्हर. आणि लिव्हर म्हणजे माझा पाय. पाय कोणी गाडीत मोजतं का?

मामांनी मला बाकावर बसवलं. कॉफी दिली. “काय बदललंय?”

म्हटलं, “मामा, तुम्हीच बदललंय. मला काय विचारता?”

“तुझ्या तोंडानं सांग.”

मी सांगितलं. तेवढ्यात तेव्हाचे अध्यक्ष आले. फार भला माणूस. म्हणाले, मॅडमना कुठेही चालवू द्या, मामा. नाहीतर असं करू, त्यांचा वेगळा गट करू, एक कप देऊन टाकू. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मंडळी, त्या टाळ्या मला पाठ आहेत. शाळेत असताना क्रीडादिनाला मी लिंबू-सरबताच्या टेबलाशी बसायची. आणि शेवटी माझं नाव पुकारायचे. प्रोत्साहनपर बक्षीस. साबणाची डबी. दरवर्षी! घरी सात डब्या होत्या. आई कौतुकानं मांडून ठेवायची, आणि मला त्या फेकून द्याव्याशा वाटायच्या. लोक वाईट नव्हते हो. वाईट असते तर भांडता आलं असतं.

तर टाळ्या चालू आहेत, आणि मागून एक आवाज आला. “मामा, माझी हरकत आहे.”

आपले डॉक्टर प्रसाद. गोकुलमचे दातांचे डॉक्टर. ते काय, दुसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेत. वर बघा, डॉक्टर! डॉक्टर पहिल्या गटात होते. म्हणाले, “मॅडमचा हात ब्रेकवरून एक्सलेटरवर लगेच जातो. आम्हाला पाय उचलून इकडून तिकडे न्यावा लागतो. हा त्यांचा फायदा आहे.”

अय्यो! लोक काय तुटून पडले त्यांच्यावर. लाज वाटत नाही का, बाईमाणूस, त्यातून असं... कोणी “असं” म्हणजे काय ते पूर्ण बोललं नाही. डॉक्टरांचे कान लाल. आणि मी? मला राग यायला हवा होता. पण मी नुसती बघत राहिले त्यांच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की मला जास्त मिळतंय.

मामा म्हणाले, “सुम्ने बसा सगळे, गप्प. हरकत आली आहे. बघायला पाहिजे.”

ते उठून माझ्या गाडीत जाऊन बसले. लिव्हर ढकलली, ओढली, ढकलली, ओढली. डोळे मिटून. मग डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसले आणि पायानं तेच केलं. सगळं मैदान थांबलेलं. परत आले आणि म्हणाले, “डॉक्टर बरोबर आहेत. थोडा आहे, पण फायदा आहे. गिअर बदलताना स्टिअरिंगवर हात राहत नाही, तो हिला तोटाही आहे. ते दोन्ही मी तोलत बसणार नाही. गाडी चालवायची रीत बदललीय. पहिल्या गटात चालणार नाही.”

मी भडकले. “मामा, ही लिव्हर तुम्ही बसवलीत! तुमच्या हातानं!”

“म्हणूनच मला ठाऊक आहे काय बसवलंय,” म्हणाले. मग माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले आणि हळू आवाजात बोलले. “नोड, बघ सुमित्रा. वेगळा गट पाहिजे तर घे. एकटी असशील, कप नक्की. नाहीतर दुसरा गट. तिथे सगळे गाड्या दामटतात, शेवटची येशील. दोन्हीतलं काय ते तू ठरव. मी सांगणार नाही.”

बघा, एवढा वेळ सगळे माझ्याबद्दल ठरवत होते. ठरव म्हणून मला सांगणारा हा एकच माणूस, आणि तोसुद्धा मला पहिल्या गटातून हाकलून!

रागारागात मी दुसरा गट लिहिला. अक्षर बघण्यासारखं होतं.

आणि शेवटचीच आले. पण कशी आले ते ऐका. पहिल्या गिअरमध्ये सुटले, दुसरा टाकला आणि मग गिअरला हात लावायची गरजच पडली नाही. लिव्हर माझ्या हातात अशी चालली म्हणता, मला वाटलं मी पळतेय. खरंच पळतेय. पळणं काय असतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. शेवटच्या वळणावर आनंद जरा जास्त झाला आणि मागच्या चाकानं एक कोन आडवा केला.

एक मिनिट नऊ सेकंद. अध्यक्ष म्हणाले, कोनाचं सोडा हो मामा, त्यांची पहिलीच वेळ. लोकही म्हणाले, सोडा. मामांनी मान वर केली नाही. “कोन पडलाय,” म्हणाले, आणि पाटीवर लिहिलं, एक मिनिट अकरा.

आता डॉक्टरांची वेळ सांगू का? सांगते. एक मिनिट दहा. आमचे गट वेगळे, त्यामुळे त्याचा निकालाशी काही संबंध नाही. पण तो कोन पडला नसता तर... अल्वा, खरं ना डॉक्टर? संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मॅडम, मी खरंच घाबरलो होतो.” आजवर माझी दया येणारे खूप भेटले होते. मला घाबरणारा हा पहिला. त्या दिवसापासून माझे दात त्यांच्याकडेच आहेत.

मामांवरचा राग मात्र दीड महिना टिकला. ऑइल बदलायला मी दुसऱ्या गॅरेजात गेले. मामी, तुम्हाला आठवतं? तुम्ही फोन केला होता, “येऊन जा गं, हे जेवताना तुझं नाव काढतात.” मग क्लच कुरकुरतोय असं खोटंच सांगून गेले. मामांनी बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, “क्लचला काही झालेलं नाही. कॉफी घेणार?” मी विचारलं, “एक मिनिट नऊचं कमी कसं करायचं?” म्हणाले, “एक अकराचं.” मग म्हणाले, “टायर बदल. पुढच्या स्प्रिंगा बदल. तुझ्या गटात चालतं की सगळं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या गटात असते तर मला कशालाच हात लावता आला नसता. अकरा वर्षं मी त्या गटात चालवली. एकदा तिसरी आले. तो कप दिवाणखान्यात आहे. साबणाच्या डब्या मी त्याच आठवड्यात मोलकरणीला देऊन टाकल्या.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात गेले होते. मामांची वाचा गेलेली. डोळे मात्र तसेच, तपासणारे. मी हात धरला. रडू येत होतं, म्हणून थट्टा केली. म्हटलं, “मामा, इतकी वर्षं झाली. आता तरी ते दोन सेकंद काढून टाका.”

मामी तिथेच होत्या. मामांनी माझ्या हातातून आपला हात सोडवला. फार कष्टानं. आणि दोन बोटं वर केली.

जरा थांबते. पाणी द्या.

साहेब, हा तुमचा कागद. घ्या परत. मी नाही वाचणार. तुमचा हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. ज्याला वेगळा गट हवा असेल त्याला जरूर द्या. प्रत्येकाची गाडी वेगळी, पाय वेगळे, मन वेगळं. पण मामांचं नाव त्याला लावू नका. त्यांनी तो गट माझ्यापुढे ठेवला होता, आणि मी घेतला नाही, याचा त्यांना आनंद झाला होता. बोलले नाहीत कधी. पण झाला होता. मामी हो म्हणून मान हलवताहेत बघा.

त्यांच्या नावानं काही करायचंच असेल तर ते बाक जपा. माझ्यासारखी कोणी आली की तिला त्यावर बसवा, कॉफी द्या आणि काय बदललंय ते तिच्या तोंडानं सांगू द्या. कोणाची हरकत असली तर तिच्यासमोर घ्या. आणि तिनं कोन पाडला तर दंड लावा. कृपा करून लावा.

आता शांत उभं राहायचं. ज्यांना जमतं त्यांनी उभं राहा, मी बसूनच. मामींनी आज सकाळी मामांचं घड्याळ मला दिलंय, तेच, मैदानावरचं. सगळीकडे एक मिनिट स्तब्ध राहतात. आपण एक मिनिट अकरा सेकंद राहू या. एक मिनिट नऊला कोणी हलायचं नाही. शेवटचे दोन मामांनी लावलेले आहेत.

मामा, तुमची सुमित्रा नमस्कार करते.

चला. सुरू.